अमुकचा सांभाळणारा

"हो काकू, या ना. घरी आई आणि" एवढं बोलून पोरगी थांबली. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला, एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातानं पायात मोजा चढवायची खटपट. थांबली, मोजा सोडून दिला, चहाचा घोट घेतला आणि म्हणाली, "आम्ही सगळे आहोतच." मग पत्ता, वळण, जिना कुठल्या अंगाला, सगळं नीट समजावून सांगितलं. समोर टेबलाशी तो चष्म्याच्या काचा पुसत बसला होता. 'सगळे'मध्ये तो येत होताच, तक्रारीला तशी जागा नव्हती. घरात माणसं तीन, त्यातली एक बोलणारी, एक आई, मग उरलं कोण? पण 'आणि' म्हटल्यावर जो घोटभर वेळ गेला, तो त्याला लागला तो लागलाच. काचा केव्हाच लख्ख झाल्या होत्या, तरी तो पुसतच राहिला.

"लवकर ये हं आज," बायको म्हणाली. "पाचला येतायत माय-लेक. आणि तो चौकटीचा शर्ट घालू नकोस."

"मग कुठला घालू?"

"कुठलाही घाल. तो सोडून."

आता हे सगळं काय होतं ते आधी सांगितलेलं बरं. पोरगी चोवीस वर्षांची. तिनं आपला मुलगा आपणच पसंत केला होता, घरच्यांना तो आवडलाही होता, आणि आज त्याची आई पहिल्यांदा घरी यायची होती. म्हणजे दार उघडल्यावर पोरगी ओळख करून देणार. ही माझी आई. आणि हे? हे कोण? हा प्रश्न अठरा वर्षांत कधी असा दारात येऊन उभा राहिला नव्हता. लग्न झालं तेव्हा पोरगी सहा वर्षांची होती. तिचा बाप आजारपणात गेला होता आणि त्याचा फोटो कपाटावर होता. हसरा माणूस, दाट केस, सरळ भांग. लग्नाआधी दोघं बागेतल्या बाकावर बसले असताना बायको म्हणाली होती, "तिला तुला बाबा म्हण असं मी सांगणार नाही हं. तुझी काही हरकत?" आणि हा शहाणा छाती काढून म्हणाला होता, "मुळीच नाही. ती जागा मोकळीच ठेवू. तिला जे भरायचं ते ती भरेल, तिला वाटेल तेव्हा." बायकोचे डोळे भरून आले. आपण किती समजूतदार असं त्यालाही वाटलं, आणि ते वाटणं त्यानं पुढे बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरलं. पण ती जागा काही भरली नाही. पोरीनं त्याला बाबा म्हटलं नाही, काका म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. हाक न मारता माणसाबरोबर राहता येतं, ही विद्या तिनं लहानपणीच अशी काही आत्मसात केली की विचारता सोय नाही. जवळ येऊन उभी राहायची, खाकरायची, बाही ओढायची. दुसऱ्या खोलीतून काही हवं असलं तर "आई, त्यांना सांग ना." मोठी झाल्यावर फोनवर एकदम "ऐका ना, मला उशीर होईल." ऐका ना, हे त्याचं जवळजवळ नाव झालं होतं. एकदा, दहा वर्षांची असेल, रस्त्यानं दोघं चालले होते, ती दोन पावलं मागे, आणि मागून एक सायकलवाला सुसाट आला. तेव्हा ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "ओ! ओ! बाजूला!" रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला ओरडावं तसं. तो टुणकन बाजूला झाला, हसला, तिचा हात धरला, दोघांनी मिळून सायकलवाल्याला चार शब्द सुनावले. घरी आल्यावर मात्र तो मोरीत नळ सोडून नुसता उभा राहिला होता. तिच्या तोंडात त्या क्षणी दुसरं काही आलंच नाही, याचं वाईट वाटावं की तिनं आपल्याला वाचवलं याचं बरं वाटावं, हे त्याला ठरवता येईना.

कचेरीत पोचला तर तिथे फौजदारीण टपूनच बसली होती. तिशीची बाई, कामाला वाघ, पण दुसऱ्याचा प्रोग्राम वाचायला बसली की उलटतपासणीच घ्यायची, म्हणून सगळे तिला फौजदारीण म्हणत आणि तिलाही ते आवडत असे. त्यांची कंपनी गोदामवाल्यांसाठी प्रोग्राम लिहायची. लोक आपलं सामान भाड्यानं ठेवायला आणतात, कुणी कपाटं, कुणी औषधांची खोकी, कुणी कचेरीतले जुने कागद, आणि कुठलं सामान कुठे ठेवलंय, कुणाला परत द्यायचंय ते सगळं यांचा प्रोग्राम सांभाळायचा. त्यातला सगळ्यात जुना भाग ती आता नव्यानं लिहायला घेणार होती.

"तुम्ही जरा इकडे या," ती म्हणाली. "हे 'अमुकचा सांभाळणारा' नावाचं जे आहे, ते कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"का गं? काय झालं?"

"वरती मोठ्या तोऱ्यात लिहिलंय की कुठलीही वस्तू आणा, आम्हाला फरक पडत नाही, ती काय आहे ते आम्ही विचारणारसुद्धा नाही. आणि आत बघा! जरा पुढं गेलं की चोरून विचारतोय. तू कपाट आहेस का? तू औषध आहेस का? आणखी जरा खाली, परत तेच. मग वरचं खोटं की आतलं? मी म्हणते, इतकं कळून घ्यायचं होतं तर वरतीच सांगायचं ना सरळ. हा लपूनछपून कारभार कशाला?"

"मीच लिहिलंय ते," तो म्हणाला.

"अगं बाई," फौजदारीण म्हणाली आणि तिनं जीभ चावली. पण शब्द काही मागे घेतले नाहीत, ती तसल्यातली नव्हती. "बघा मग तुम्हीच, काय करायचं ते. आज सांगा पण. मला पुढचं अडलंय."

तो आपल्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्यानं ते जुनं पान पडद्यावर उघडलं. वर्षानुवर्षं त्यानं ते उघडलं नव्हतं. चालत होतं, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. ओळी बघता बघता त्याला ती पहिली कचेरी आठवली, छापखान्याच्या वरची, लाकडी जिन्याची. खाली यंत्रं सुरू झाली की वरची टेबलं थरथरायची आणि शाईचा वास कपड्यांतून घरी यायचा. पेटाऱ्याएवढे संगणक, त्यांच्या पाठीवर उन्हाळ्यात हात ठेववत नसे. मास्तर धरून चार माणसं आणि एक पंखा. मास्तर पूर्वी खरंच शाळेत गणित शिकवायचे. संगणकाकडे वळताना शाळेचा एक फळा उचलून आणला होता आणि खडूची धूळ यंत्रांना चालत नाही म्हणून तिघांनी किती आरडाओरडा केला तरी तो हलवला नव्हता. त्या फळ्यावर हे जन्मलं. मास्तरांनी एक चौकोन काढला आणि म्हणाले, "हा करार. सांभाळणाऱ्याचा. यात फक्त वचनं. ठेवून घेईन. विचारलं तर कुठे आहे ते सांगेन. मागितलं तर जसं होतं तसं परत देईन. बस्स. कसं करणार ते यात लिहायचं नाही, ते ज्याचं त्यानं बघावं. आता सांगा, काय ठेवून घेणार?" एकानं म्हटलं कपाट, दुसऱ्यानं म्हटलं खोकी. मास्तरांनी चौकोनाशेजारी एक रिकामी जागा सोडली आणि तिथे 'अमुक' लिहिलं. "हे बघा पोरांनो, अमुक. आज कपाट, उद्या औषध, परवा आपल्याला स्वप्नातही नसलेलं काहीतरी. वापरणारा येईल तेव्हा तो ही जागा भरेल. आपण त्या वस्तूला विचारायचं नाही, तू कोण म्हणून. आपण वचन पाळायचं." मग हात झटकले, सगळ्यांच्या चहात खडू गेला. त्या दिवशी त्याला जे वाटलं ते आज कुणाला सांगितलं तर हसतील. जग एकदम मोठं आणि सभ्य झाल्यासारखं वाटलं त्याला. तू कोण, कुणाचा, कुठल्या कामाचा असं न विचारता सांभाळून घेणारं काहीतरी आपण चौघांनी मिळून केलंय, या विचारानं तो जिना दोन-दोन पायऱ्या उतरत घरी गेला होता. मास्तर आता नाहीत. तो फळा कुठे गेला कुणास ठाऊक. खाली आता छापखानाही नसेल.

आणि त्याच वर्षी तर बागेतला तो बाक. तीच जागा मोकळी ठेवायची गोष्ट. त्याला आज, इतक्या उशिरा, लख्ख दिसलं की बायकोला त्या दिवशी जे उत्तर दिलं ते आपलं नव्हतंच, ते फळ्यावरचं होतं. पण उत्तर कुठूनही आलेलं असो, पाळायला त्यानं कसर ठेवली नाही. ठेवून घेतलं, हे त्याचा वैरीही कबूल करेल. शाळेत सोडलं, आणलं. दात पडले ते धुऊन डबीत ठेवले. गणितं सोडवून घेतली, रडवून सोडवून घेतली. कॉलेजात पहिल्या वर्षी आपटली तेव्हा आईआधी त्याला कळलं, आणि आईला काय आणि कधी सांगायचं याचा कट दोघांनी मिळून केला. तेव्हाही "ऐका ना" म्हणूनच सुरुवात झाली होती. बायको कधीमधी म्हणायची, "तुला वाईट नाही वाटत रे?" आणि तो म्हणायचा, "छे! नावात काय आहे? काम चाललंय ना?" हे म्हणताना त्याचा चेहरा इतका निवांत असायचा की बायकोनं विचारणंच सोडून दिलं.

पण आत? फौजदारीण ज्यावर बोट ठेवून बसली होती ते आत काय होतं? तो खाली खाली वाचत गेला. तू कपाट आहेस का? हे त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात लिहिलं होतं. मास्तरांना न सांगता, कारण कपाटाला जागा जास्त लागते आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. तात्पुरतं आहे, नंतर काढू, असं स्वतःला सांगून. तू औषध आहेस का? हे त्याच्यानंतरचं. तात्पुरतंच. आणि घरी? घरीही तेच तर चाललं होतं की. तोंडानं म्हणायचं, काहीही चालेल, आणि आतून येता-जाता विचारत राहायचं. आज म्हणेल का? आत्ता, बाही ओढताना, काही येत होतं का तिच्या ओठावर? शाळेच्या नाटकात ती एका पोराला 'बाबा, बाबा' म्हणून बिलगली तेव्हा हा मागच्या रांगेत बसून त्या मिशा चिकटवलेल्या आठ वर्षांच्या पोराचा हेवा करत होता! हसू येईल, पण खरं आहे. आणि तो ताप. ती नऊ वर्षांची असताना दुपारभर तापानं फणफणली होती, बायको डॉक्टरांकडे औषध आणायला गेलेली, हा पट्ट्या बदलत बसलेला. मिटल्या डोळ्यांनी ती स्वच्छ म्हणाली, "बाबा." तो पट्टी सोडून वाकला. "काय गं?" म्हणाला. ती पुढे काही बोलली नाही. कपाटावर फोटो होता, खाटेशी हा होता, आणि हाक नेमकी कुणाला होती ते सांगणारं खोलीत कुणी नव्हतं. ताप उतरल्यावर विचारता आलं असतं. त्यानं विचारलं नाही, आणि पुढची पंधरा वर्षं मनात दुसरं काही विचारलंही नाही. फौजदारीण म्हणत होती ते बरोबर होतं, वरचं खोटं होतं. त्याला फरक पडत होता. पहिल्या दिवसापासून पडत होता. आपण तिचा बाप आहोत हे तिच्या तोंडून ऐकायला त्याचा जीव अठरा वर्षं टांगणीला लागला होता, आणि त्या टांगलेल्या जिवाला तो समजूतदारपणा म्हणत होता.

जेवायच्या सुट्टीत तो उठला नाही. पान वर सरकवत सरकवत तो पहिल्या ओळीशी आला आणि तिथे थबकला. त्याला आपली एक फजिती आठवली, अगदी नवशिक्या दिवसांतली. करार झाला होता, आणि तो पाळणारा पहिला भाग त्याच्याकडे लिहायला आला होता. त्यानं जीव ओतून लिहिला. ठेवून घेणं, सांगणं, परत देणं, कशातच खोट नव्हती. आणि यंत्र काही केल्या घेईना. जिथे सांभाळणारा हवा तिथे याचा भाग पुढे केला की नाकारायचं. दिवसभर डोक्याचा भुगा झाला. शेवटी मास्तर मागे येऊन उभे राहिले, वाचलं, आणि असे हसायला लागले की त्यांना ठसका लागला. "अरे वेड्या, सगळं करतोयस. पण लिहिलंयस कुठे?"

"काय लिहायचं?"

"की मी सांभाळणारा आहे म्हणून! पहिल्याच ओळीत, नावाशेजारी. तू सगळी वचनं पाळतोस हे खरं, पण ते यंत्रानं ओळखायचं कसं? ते तुझ्या आत डोकावून बघत नाही. तू काय म्हणवतोस ते बघतं."

"पण मास्तर, कामावरून कळायला नको?"

"नको. आणि हे वापरणाऱ्यानंही सांगायचं नसतं. अमुक कोण ते वापरणारा सांगेल, ती त्याची बाजू. आपण कोण ते आपण सांगायचं. हे दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही."

त्यानं ती ओळ लिहिली होती, यंत्रानं मुकाट्यानं भाग घेतला होता, आणि बाकी तिघांनी मिळून त्याची महिनाभर टर उडवली होती. जिना चढताना कुणीतरी हटकून विचारायचं, कोण रे तू, लिहिलंयस का? त्या वेळी तोही हसायचा. आज त्याला हसू आलं नाही. मोकळी जागा त्यानं ठेवली होती खरी, पण चुकीच्या बाजूला. पोरीनं भरायची म्हणून जी जागा तो अठरा वर्षं राखत बसला, ती मुळात त्यानं भरायची होती.

साडेतीनला तो फौजदारणीकडे गेला. "आतली सगळी विचारपूस काढून टाक," म्हणाला. "कपाटाला कपाटाचा वेगळा सांभाळणारा कर, औषधाला औषधाचा. आणि प्रत्येकाच्या डोक्यावर स्वच्छ लिही, कोण आहे ते."

"हेच तर म्हणत होते मी," फौजदारीण म्हणाली. मग त्याच्याकडे नीट बघून, "तुम्ही रागावलात का हो माझ्यावर?"

"नाही गं. उलट झालं."

"उलट म्हणजे?"

"म्हणजे घरी पाहुणे यायचेत," तो म्हणाला आणि निघाला.

घरी येऊन त्यानं निळा शर्ट घातला. बायकोनं बघितलं, बरं दिसतंय अशी मान हलवली. पोरगी उशा सारख्या करत होती, मग परत त्याच उशा सारख्या करत होती. कपाटावरचा फोटो पुसलेला होता, तिनंच पुसला असणार. त्या हसऱ्या माणसाकडे बघून आज त्याला नेहमीसारखं चोरट्यासारखं वाटलं नाही. तुझी जागा घेतच नाहीये मी, तो मनात म्हणाला, माझी घेतोय. आणि लगेच त्याला स्वतःचंच नवल वाटलं, कारण शर्टाचं वरचं बटण तो तिसऱ्यांदा काढून लावत होता. समजा ती म्हणाली, हे काय भलतंच? समजा पाहुण्यांदेखत तिचा चेहरा पडला? अठरा वर्षं निदान 'नाही' तरी ऐकावं लागलं नव्हतं.

घंटा वाजली. पोरीनंच दार उघडलं. मुलगा आत आला, त्याच्यामागून त्याची आई, बुटकी, हसतमुख, जिना चढून दमलेली बाई. तिच्या हातात फुलं होती आणि ती कुणाच्या हातात द्यावी ते तिला समजेना. "या काकू," पोरगी म्हणाली. "ही माझी आई. आणि" म्हणाली, आणि थांबली. या वेळी हातात चहाही नव्हता.

"मी हिचा बाबा," तो म्हणाला.

आवाज जरा जास्तच मोठा निघाला. जिन्यात घुमलासुद्धा. त्या बाई म्हणाल्या, "हो का? बरं वाटलं भेटून," आणि सुटल्यासारखं करून फुलं त्याच्याच हातात दिली. त्यांच्या लेखी यात काही घडलंच नव्हतं. बायकोनं त्याच्याकडे पाहिलं आणि झटकन पदराशी चाळा करत पाहुण्यांना बसायला सांगितलं. पोरीकडे बघायची त्याची छाती झाली नाही. ती केव्हा स्वयंपाकघरात गेली ते त्याला कळलंसुद्धा नाही. बाहेर मुलगा जिन्याबद्दल, रस्त्याबद्दल बोलत होता, हा हो हो करत होता, आणि आतून भांड्यांचा आवाज येत नव्हता. शेवटी फुलं पाण्यात घालायचं निमित्त करून तो उठला.

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. चहाचं आधण ठेवलेलं, गॅस पेटवलेलाच नव्हता. त्यानं फुलं खाली ठेवली.

"चुकलं का माझं?" त्यानं विचारलं. "तुला विचारायला हवं होतं आधी."

तिनं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मग ती वळली. नाक लाल झालेलं, आणि ती रागावली होती. एवढी रागावलेली त्यानं तिला कधी पाहिली नव्हती.

"हे आधी का नाही म्हणालात कधी?"

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "तू म्हणशील म्हणून. घाई करायची नाही, तुझ्यावरच सोडायचं, असं ठरवलं होतं मी, आमचं लग्न ठरलं तेव्हाच."

"माझ्यावर?" ती म्हणाली. "अहो, मी सहा वर्षांची होते."